तोफेचा कान

एकदा एक आरमार होते आणि एका सकाळी त्याची दोन आरमारे झाली.

समुद्रकाठच्या त्या राज्याचा राजा वारला होता. थोरला पुत्र उत्तरेच्या किल्ल्यात होता, धाकटा दक्षिणेच्या. दोघांनीही सिंहासनावर हक्क सांगितला आणि आपापल्या मुलखात आपल्या नावाची द्वाही फिरवली. दोघांच्याही बुरुजावर बापाचेच निशाण फडकत राहिले, कारण निशाण उतरवले तर हक्कही उतरला असता. आरमाराची वाटणी मात्र कुणी बसून केली नाही. त्या सकाळी जे गलबत ज्या बंदरात नांगरलेले होते ते त्या बाजूचे झाले, आणि त्यावर जी माणसे होती तीही त्या बाजूची झाली. कुणी डोलकाठी बदलायला दक्षिणेस गेला होता, कुणी तळाला डांबर लावून घ्यायला उत्तरेस आला होता. बाबांनो, तुम्हाला कोणता राजा हवा, असे त्यांना कुणी विचारले नाही. इतिहास लिहिणारे पुढे याला निष्ठा म्हणतात. मी अशी पुस्तके वाचण्यात आणि शिकवण्यात जन्म घालवला आहे, म्हणून थोड्या रागानेच सांगतो की निष्ठेची बरीचशी पाने अशी नुसती नांगरून पडलेली असतात.

उत्तरेच्या किल्ल्याखाली, खाडीच्या तोंडाशी, तोफा ओतण्याची एक ओतशाळा होती. तिथे एक वृद्ध ओतारी होते. त्यांना सारे वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता, तिशीचा, हुशार आणि थोडा उतावळा. तोफ ओतावी त्याने आणि ती गलबतावर चढल्यावर नेमही धरावा त्याने, असा दुहेरी हात. या दोघांची नावे मला ठाऊक नाहीत. या कथेत नाव एकाच माणसाचे टिकले आहे, आणि तो माणूस कथेत प्रत्यक्ष कुठेच दिसत नाही. तो शिष्याचा धाकटा भाऊ मालू.

मालू एका गलबतावर सुकाण्या होता. सुकाणू धरून तासन्‌तास उभा राहायचा आणि भसाड्या आवाजात गायचा, एवढीच त्याची ख्याती. आरमाराची दोन शकले झाली त्या सकाळी त्याचे गलबत सुकाणूची फळी बदलण्यासाठी दक्षिणेच्या बंदरात गेलेले होते. फळी बदलायला चार दिवस पुरे होते. मालू चार दिवसांसाठी गेला आणि शत्रू झाला.

दोघे भाऊ केवडणी गावचे. तिथे त्यांची आई होती. शिष्य महिन्या-पंधरा दिवसांनी घरी जाई, तेव्हा ती पानावर वाढता वाढता एकच विचारी, "मालूचं काय?" आणि शिष्य म्हणे, "आणतो गं. एवढं मिटलं की आणतो त्याला." हे तो वरवर बोलत नव्हता. त्याच्या मनात दुसरे काहीच नव्हते.

आता त्या आरमाराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

त्या किनाऱ्यावरची सारी गलबते एकाच खाडीत, त्याच सुतारांच्या हातची. व्यापाऱ्याचे कोणते, कोळ्याचे कोणते, आरमाराचे कोणते, हे दुरून शीड पाहून कळत नसे. म्हणून जुन्या जाणत्यांनी नियम घातला होता की समोर शीड दिसले तर तोफेला बत्ती देण्याआधी तीनदा हाक द्यायची. हाक ठरलेली होती: "कोण गाव?" समोरच्याने उत्तरात आपले गाव आणि सुकाण्याचे नाव सांगायचे. तीन हाका होऊनही उत्तर आले नाही, तरच बत्ती. नियम पाळणे अवघडही नव्हते, कारण वस्तादांच्या तोफेचा गोळा हाकेच्या अंतरापलीकडे फारसा जातच नसे. मारायचे म्हटले तरी ऐकू येईल इतके जवळ यावेच लागे.

भाऊबंदकीच्या पहिल्या वर्षी या रीतीने मोठीच पंचाईत केली. निशाण दोन्हीकडे तेच, गलबते तीच. हाक द्यावी तर पलीकडून उत्तर येई ते शेजारच्या गावाचे, कधी आपल्याच गावाचे, आणि नाव कुणा मेहुण्याचे. मग दोन्ही सुकाणू हळूच वळत. परत आल्यावर सुभेदाराला सांगितले जाई की वारा पडला, धुके आले, गाठ पडलीच नाही. सुभेदार म्हणजे आरमाराचा मुख्य. तो दात-ओठ खाई. पण नेहमी असे होत नसे. कित्येकदा उत्तर ऐकूनही बत्ती दिली गेली. त्या वर्षात सात गलबते बुडाली आणि दोनशेच्या वर माणसे गेली. हाकेने माणसे वाचत होती असे मी म्हणणार नाही. काही वाचत होती, एवढेच.

सातवे गलबत बुडाल्यावर शिष्य वस्तादांकडे आला. त्याने जमिनीवर कोळशाने एक आकृती काढली. लांबलचक नळी, अरुंद तोंड.

"वस्ताद, याचा गोळा तिप्पट लांब जाईल."

"जाईल," वस्ताद म्हणाले. "पण कशाला?"

"डोलकाठी मोडायला. जवळ जाऊन मारामारी झाली की माणसं मरतात. लांबूनच डोलकाठी मोडली तर गलबत जागच्या जागी लंगडं होतं. मग शरण येण्यावाचून काय करतील? एकही माणूस न मारता सहा महिन्यांत सगळं आटपेल. मालू घरी येईल."

"गोळा डोलकाठी निवडून घेईल?"

"नेम मी धरणार आहे ना."

वस्ताद बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने नळीच्या बुडाशी एक रेघ ओढली. "इथं चार बोटं जाड कर. नाहीतर फुटेल आणि तूच मरशील." एवढे बोलून ते भट्टीकडे निघून गेले. शिष्याने त्याचा अर्थ आशीर्वाद असा घेतला. तुम्ही-मीही तसाच घेतला असता.

पावसाळा सरल्यावर तोफ तयार झाली. खाडीच्या तोंडाशी तिची परीक्षा झाली. दूर समुद्रात एक काळा खडक होता. त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असत. पहिला गोळा त्या खडकाच्याही पलीकडे पडला. पाणी उसळलेले आधी दिसले, आणि खडकावरचे पाणकावळे मात्र आवाज पोचेपर्यंत जागचे हलले नाहीत. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. सुभेदाराने स्वतःच्या हाताने शिष्याला पागोटे बांधले. त्या क्षणी त्याला अतिशय आनंद झाला, आणि त्या आनंदात मालूही होता, हे खरे मानायला हवे.

तोफ गलबतावर चढवण्याचा दिवस ठरला. पूर्ण भरतीला गलबत धक्क्याला लागणार होते, ओहोटी सुरू होण्याआधी काम उरकायचे होते. वाळूत लाकडी ओंडक्यांवर तोफ ठेवली होती. तिला शेंदूर लावला, नारळ फोडला. आता वस्तादांनी हात लावला की चढवायची, अशी प्रथा होती.

वस्ताद आले. त्यांनी तोफेला हात लावला नाही. ते तिच्या तोंडाशी गेले, वाकले, दोन्ही हात ओठांशी धरले आणि त्या पोकळ नळीत ओरडले, "कोण गाव?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

मग वस्ताद तोफेच्या कडेने चालत मागे गेले. तोफेच्या बुडाशी वरच्या अंगाला एक बारीक भोक असते. त्यात दारूची चिमूट भरायची आणि बत्ती द्यायची. तोफवाले त्या भोकाला कान म्हणतात. वस्ताद गुडघ्यांवर बसले, त्यांनी आपला कान तोफेच्या त्या कानाला लावला आणि डोळे मिटून वाट पाहू लागले.

पुन्हा उठले. पुन्हा तोंडाशी गेले. "कोण गाव?" पुन्हा मागे येऊन कान लावला.

"अहो वस्ताद, ओहोटी लागेल," सुभेदार म्हणाला.

वस्तादांनी तिसऱ्यांदाही तसेच केले. वाळूत त्यांच्या पावलांची एक वाट पडली. कुणीतरी हसले, मग बरेचजण हसले. म्हातारा चळला, असे एकजण स्पष्टच म्हणाला. शिष्याला लाज वाटली, गुरूची आणि गुरूमुळे स्वतःची. तो पुढे झाला, त्याने वस्तादांना दंडाला धरून उठवले आणि हलक्या आवाजात विचारले, "हे काय चालवलंय?"

"काही नाही," वस्ताद गुडघ्यांची वाळू झटकत म्हणाले. "चढवा."

तोफ चढली आणि शिष्याला व सुभेदाराला घेऊन गलबत समुद्रात निघाले.

चौथ्या दिवशी सकाळी, आभाळ निवळ असताना, दक्षिणेकडून एक शीड दिसले. एकटेच. नाक थेट यांच्याकडे, शिडे पूर्ण भरलेली, कुठेही न वळता सरळ येत होते. आजवर गलबते अशी येत नसत. हाकेच्या अंतराजवळ आले की सगळेच चाचपडत, शिडे उतरवत. हे गलबत मात्र अंगावर धावून यावे तसे येत होते.

"येऊ दे हरामखोराला," सुभेदार म्हणाला. "आपल्याला कुठं हाकेची वाट पाहायची आहे आता."

शिष्याने नेम धरला. पहिला गोळा आखूड पडला. त्या गलबताने तरीही दिशा बदलली नाही. उलट एक राखून ठेवलेले लहान शीडही चढवले. दुसऱ्या गोळ्याने डोलकाठी मधोमध मोडली आणि शिडासकट पाण्यात आडवी झाली. अगदी ठरवले होते तसे. गलबत जागच्या जागी लंगडे झाले. शिष्याने बोलल्याप्रमाणे करून दाखवले होते आणि तिथेच ते थांबायला हवे होते.

इकडे तोफेच्या गलबतावर सारे नाचत होते. सुभेदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा! आणखी एक."

शिष्याला पुढे कित्येक वर्षे तो क्षण आठवत राहिला. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. नको म्हणता आले असते. डोलकाठी तर मोडलीच आहे, असे म्हणायला चार शब्द पुरे होते. पण नेम बसला होता. हात गरम होता. हातातली बत्ती तोफेच्या कानाकडे गेली ती, खरे सांगायचे तर, मजेत गेली. गोळा गलबताच्या मागच्या अंगाला, जिथे सुकाणू असते तिथे, पाण्याच्या रेषेवर लागला. जपमाळ एकदा ओढून होईल एवढ्या वेळात ते गलबत गेले.

जवळ जाईपर्यंत तिथे फळ्या, दोर आणि एक म्हातारा खलाशी उरला होता. मोडक्या डोलकाठीला त्याने मिठी मारली होती. त्याला वर ओढून घेतले, कोरडे धोतर दिले. शिष्यानेच त्याच्यासाठी पेज आणली.

"दक्षिणेची माणसं इतकी शूर कधीपासून झाली?" त्याने विचारले. "गोळा आला, तरी वळला नाहीत."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी वाडगे धरले होते. "शूर कुठले बाबा. आमी घरी चाललो व्हतो. अठराजण. सगळे हिकडलेच. नाखवा कालच्याला जमिनीवर उतरला, तवा पहाटं मासं धराया जातो म्हनून निघालो नि सुटलो."

"मग निशाण दाखवायचंत."

"कुठलं? तुमचं नि आमचं येकच न्हाई का?"

शिष्याने मान वर करून आपल्या निशाणाकडे पाहिले.

"हाका देत व्हतो की," म्हातारा म्हणाला. "शंखसुदिक फुकला तीनदा. पन तुमी पार तिकडं. पैला गोळा पान्यात पडला तवा पोरगा म्हनला, बगा, त्ये खूण करत्यात, या म्हनत्यात. शीड चढवा. येकदा हाकेत शिरलो की झालं. माझा भाव तिकडं तोफंवर हाय, त्यो माझा आवाज वळखील. समदे हसले. म्हनले, तुझा आवाज कोन न्हाई वळखनार. तो वरडत व्हता शेवटपत्तुर. केवडणी, मालू! केवडणी, मालू! सुकानू सोडलं न्हाई त्यानं."

मग त्याने वाडग्यातून वर पाहिले. "तोफंवर कोन व्हता?"

"मी," शिष्य म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे, नाकाकडे, भुवयांकडे नीट पाहिले. मग पेजेचे वाडगे हळूच खाली ठेवले, आणि पुन्हा उचलले नाही.

शिष्य केवडणीला गेला. आईला सांगावे लागलेच. ती रडली नाही. चुलीशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "तू हाक दिलीवतीस का रे त्याला?"

रीत तिलाही ठाऊक होती. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक आईला ठाऊक होती. शिष्य मान खाली घालून उठला. ती पुन्हा त्याच्याशी कधी बोलली नाही, असे सांगतात.

तिथून तो सरळ ओतशाळेत आला. वस्ताद एका जुन्या साच्याची माती फोडत बसले होते. शिष्य उभ्यानेच म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं. का अडवलं नाहीत मला? वर बूड जाड करायलाही सांगितलंत."

"बस," वस्ताद म्हणाले.

"त्या दिवशी तोफेत काय ऐकत होतात?"

वस्तादांनी हातातली हातोडी बाजूला ठेवली.

"माझ्या आज्याच्या काळी गलबतावर लोखंडी आकडे असत. समोरच्या गलबताला आकडा टाकायचा, ओढून आणायचं आणि उडी मारून कापाकापी करायची. ज्याला मारायचं त्याच्या तोंडाचा वास यायचा. मग धनुष्यं आली. वास गेला, चेहरा राहिला. मग तेलाची पेटती मडकी फेकायला लागले, तेव्हा चेहराही गेला, नुसतं पागोटं दिसायचं. मग माझ्या वस्तादांची तोफ आली, नंतर माझी. पागोटं गेलं, हाक राहिली. आणि दर वेळी ज्यानं नवं काढलं त्याला वाटलं की आता माणसं कमी मरतील. मलाही वाटलं होतं. आता हाकही गेली. यापुढं घालवण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं. पण माझ्या वेळीही मला तसंच वाटलं होतं."

"म्हणजे हाक असती तर तो वाचला असता," शिष्य म्हणाला. त्याला तेवढेच ऐकायचे होते. स्वतःला शिक्षा करायला तरी काही ठोस हवे असते.

"मला ठाऊक नाही," वस्ताद म्हणाले. "चाळीस वर्षांमागं, या दोघा राजपुत्रांच्या बापाचं आणि चुलत्याचं वाजलं, तेव्हा मी तोफेवर होतो. तीन हाका दिल्या. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. गाव माझं. नाव ज्यानं मला पोहायला शिकवलं त्याचं. पाठीमागं सुभेदार उभा होता. मी बत्ती दिली."

त्यांनी साच्याच्या मातीचे एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरले.

"नावानंतर तो आणखी काहीतरी म्हणाला होता," वस्ताद पुढे म्हणाले. "दोन-तीनच शब्द. ते तोफेचा बार उडाला त्या आवाजात बुडाले. मला ओळखलंन का, शिवी दिलीन का, थांब म्हणाला का, काही कळलं नाही. तोफेला कान असतो, पण तो बत्तीसाठी. म्हणून तिथं मी माझा लावतो. नव्या प्रत्येक तोफेला लावत आलो. खुळेपणा आहे, कळतं मला. तुला अडवायला मला तोंड नव्हतं. आणि अडवलं असतं तरी तू दुसऱ्या भट्टीवर ओतली असतीस. बूड पातळ राहून फुटली असती. तू मेला असतास, आणि तिसऱ्या कुणीतरी ती दुरुस्त केली असती."

"मग हाकेचा उपयोग काय?"

"माझ्यापाशी एक नाव आहे, एवढाच. तुझ्यापाशीही आहे, पण ते त्या म्हाताऱ्या खलाशामुळं. तोही बुडाला असता तर आज तू नेम बसला म्हणून गावात साखर वाटली असतीस. यापुढचे गोलंदाज साखरच वाटतील. त्यांचा दोष नाही. त्यांना कळणारच नाही कुणाला मारलं ते."

शिष्य खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वस्तादांनी त्याची समजूत घातली नाही. त्यांच्याजवळ समजूत घालण्यासारखे काही नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. सुभेदाराने आणखी बारा तोफांची आज्ञा केली. शिष्याने नकार दिला. कुणाचे काही अडले नाही. साचा एकदा तयार झाला की तो बनवणाऱ्याची गरज उरत नाही. त्याच्याच हाताखालच्या दोघांनी त्या बारा ओतल्या, आणि चांगल्या ओतल्या. वर्षभरात तसल्याच तोफा दक्षिणेकडेही झाल्या. मग कुणी कुणाच्या जवळ जाईना. तीन हाकांचा नियम आरमाराच्या कायद्यातून कुणी काढून टाकला नाही. तो नुसता गळून गेला. युद्ध नऊ वर्षे चालले. ही गोष्ट सांगितली की नेहमी कुणीतरी मला विचारतो की मग शेवटी जिंकले कोण. मी सांगत नाही. ज्याला हे विचारावेसे वाटते त्याला उत्तर कळून उपयोग नाही. आपल्या भाषेत मात्र ते शब्द शिल्लक आहेत. अमक्याचे घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, असे आपण आजही म्हणतो, आणि त्या घरात कोण राहतो हे आपल्याला ठाऊक नसते.

वस्ताद दुसऱ्या वर्षी वारले. शिष्य ओतशाळेतच राहिला. भट्टीला हात लावत नसे. राख काढायचा, माती मळून द्यायचा. लोकांनी त्याला वेडा ठरवले आणि वेडा म्हणून राहू दिले.

युद्धाच्या सातव्या का आठव्या वर्षी पाच नव्या तोफा चढवायच्या होत्या. त्या पहिल्यापेक्षाही लांब होत्या. वाळूत ओंडक्यांवर ठेवलेल्या, शेंदूर लावलेल्या. भरती चढत होती. दूरदेशाहून नव्याने आलेला एक ओतारी, चांगला दाढीवाला बाप्या, दोर आवळत होता. त्याने पाहिले की राख काढणारा माणूस एका तोफेच्या तोंडाशी गेला, वाकला आणि आत ओरडला, "कोण गाव?" मग तो कडेने चालत मागे आला, गुडघे टेकून बसला आणि तोफेच्या कानाला आपला कान लावला.

तोफेच्या तोंडावरून समुद्राचा वारा जात होता. आत नुसते घुमत होते. शिष्याला तेव्हा कळले की वस्ताद त्या दिवशी लोकांच्या हसण्याकडे लक्ष का देत नव्हते. त्या घुमण्यात काही ऐकू येईल अशी त्यांना आशा नव्हती. पण ज्याचे ऐकले नाही त्याच्यासाठी निदान थांबावे तरी, एवढेच त्यांना करता येण्यासारखे होते.

"काही ऐकू आलं का हो?" नव्या ओताऱ्याने विचारले. त्याच्या विचारण्यात थट्टा नव्हती.

"नाही."

"मग उठा. भरती थांबायची नाही आपल्यासाठी."

"एकच झाली," शिष्य वाळूवर हात टेकून उठत म्हणाला. "दोन हाका राहिल्यात अजून. त्या वेळी एकही दिली नव्हती."

आणि तो पुन्हा तोफेच्या तोंडाकडे चालू लागला.